पक्षी दिसला, पण पुस्तकात सापडेना

पहिल्यांदा फील्ड गाईड, म्हणजे पक्षी ओळखायचं पुस्तक, हातात आलं की सगळे एकच काम करतात, मी पण तेच केलं. पक्षी दिसला की पुस्तक उघडायचं, भराभर पानं उलटायची, जे चित्र जरा तसं वाटेल तिथे थांबायचं आणि 'हाच तो' म्हणून मोकळं व्हायचं. ग्रुप फोटोत ओळखीचा चेहरा शोधतो ना, अगदी तसं. मोर, खंड्या, धनेश असल्या पक्ष्यांना हे चालून जातं कारण त्यांच्यासारखं दुसरं कोणी आसपास नसतंच. पण ट्रॉपिक्समधल्या, म्हणजे उष्ण कटिबंधातल्या, जंगलात उभं राहून एखादा तपकिरी, जरासा पिवळट, डोळ्यावर फिकट रेघ असलेला पक्षी शोधायला गेलात की पुस्तकात असे अकरा निघतात, आणि गंमत म्हणजे अकराही 'हाच तो' वाटतात. मग माणूस त्यातला सगळ्यात दुर्मिळ उचलतो. का कोण जाणे, पण दुर्मिळच उचलतो.

माझं मत विचाराल तर घोळ इथेच आहे. गाईड हे जुळवायचं पुस्तक नाहीच, ते खोडायचं पुस्तक आहे. हा का नाही, तो का नाही, असं करत करत शेवटी जो उरतो तो आपला पक्षी, आणि कधीकधी दोन उरतात, मग ते दोन तसेच लिहून ठेवायचे. आता हे खोडायचं कसं ते सांगतो, पण आधी ट्रॉपिक्समध्येच एवढा गोंधळ का होतो ते बघू.

एक तर संख्या. जगात पक्ष्यांच्या साधारण ११,००० जाती धरतात आणि त्यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधाच्या पट्ट्यात आहेत. एकट्या कोलंबियात १,९०० च्या वर जाती नोंदल्या गेल्यात, भारतात १,३०० च्या वर. म्हणजे थंड देशातल्या माणसाला चार पर्याय खोडायचे असतात तिथे इथे चाळीस असतात. दुसरं म्हणजे जंगलातला उजेड, पक्षी तीस मीटर उंच झाडाच्या शेंड्यात, आपण खाली मान मोडून उभे, आणि दिसतं काय तर पोट आणि शेपटीची खालची बाजू. तिसरी गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. थंड देशात सगळे पक्षी साधारण एकाच वेळी घरटी करतात त्यामुळे पिल्लांचा सीझन ठरलेला असतो, ट्रॉपिक्समध्ये तसं नाही, कोणी पावसाआधी, कोणी पावसानंतर, कोणी वर्षभर थोडं थोडं, त्यामुळे अर्धवट पिसं आलेलं, ना धड आईसारखं ना बापासारखं दिसणारं पिल्लू कुठल्याही महिन्यात समोर येऊ शकतं. आणि चौथं, मिश्र थवे. अर्धा तास जंगल गप्प असतं आणि मग एकदम पंधरा-वीस जातींचा थवा येतो, दोन मिनिटात डोक्यावरून निघून जातो, तुम्ही एकाकडे बघेपर्यंत बाकीचे गेलेले असतात.

फील्ड गाईड ही वस्तूच मुळात या धावपळीसाठी बनलेली आहे. त्याआधी पक्षी ओळखायचा म्हणजे बऱ्याचदा गोळी घालून हातात घ्यायचा आणि मग पिसं मोजत बसायची. १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन या अमेरिकन चित्रकाराने एक गाईड काढलं, त्याची पहिली २,००० प्रतींची आवृत्ती बघता बघता संपली. त्यात त्याने केलं काय, तर पक्ष्यांची चित्रं सोपी केली, सारखे दिसणारे शेजारी शेजारी ठेवले आणि जिथे फरक आहे तिथे एक छोटी रेघ मारली, बाणासारखी. बास एवढंच. पण ती रेघ सांगत होती की बाकी सगळं बघू नकोस, इथे बघ. आजच्या बहुतेक गाईडमध्ये ती रेघ या ना त्या रूपात आहेच, आणि नसेल तिथे बाजूच्या मजकुरात 'अमक्यापेक्षा वेगळा कारण' अशी एक ओळ असते. ती ओळ चित्रापेक्षा महत्त्वाची आणि ती कोणीच वाचत नाही. बारीक टायपात असते बिचारी.

तर पहिली गोष्ट, पक्षी समोर असेपर्यंत पुस्तक उघडायचंच नाही. पुस्तक पळून जाणार नाही, पक्षी जाणार. तो आहे तोवर बघत राहायचं आणि बघता बघता स्वतःशी बोलायचं, हळू आवाजात बोललात तरी चालेल. चोच जाड का बारीक, सरळ का वाकडी. शेपूट पंखांच्या पुढे किती निघालीय, टोकाला गोल आहे, सरळ कापलेली आहे का दुभंगलेली. डोळ्यावर भुवई आहे का, ती डोळ्याच्या पुढून निघते का मागून. पंखावर पट्टे किती. पाय कुठल्या रंगाचे. कंबर, म्हणजे शेपटीच्या वरचा भाग, उडताना वेगळ्या रंगाची दिसली का. हे सगळं वहीत किंवा मोबाईलवर, आणि जमलं तर एक अंडाकृती गोळा काढून त्याला चोच आणि शेपूट लावायची, चित्र भयानक आलं तरी हरकत नाही. कारण पुस्तक उघडून चित्र बघितलं की आपली आठवण त्या चित्रासारखी व्हायला लागते हे मी शपथेवर सांगतो. 'हो हो, डोळ्याभोवती कडं होतं बहुतेक' असं जे वाटतं ते कडं पक्ष्याचं नसतं, पुस्तकातलं असतं.

साइजचं एक वेगळं सांगतो. सेंटिमीटरमध्ये अंदाज कोणालाच जमत नाही, एकटा पक्षी रिकाम्या आभाळासमोर असेल तर अनुभवी लोकपण सपशेल चुकतात. सलीम अलींच्या १९४१ च्या पुस्तकात पक्ष्यांची मापं चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, कावळा, घार अशी दिलेली आहेत, चिमणीपेक्षा लहान, साळुंकीपेक्षा मोठा असं. ती पद्धत अजूनही सगळ्यात चांगली, कारण हे पक्षी आपल्या डोळ्यात बसलेले असतात. गाईडमधल्या चित्रांचं बघाल तर एका प्लेटवरचे, म्हणजे चित्रांच्या एका पानावरचे, पक्षी बहुतेक वेळा एकाच मापाने काढलेले असतात पण पान उलटलं की माप बदलू शकतं, त्यामुळे मागच्या पानावरचा वटवट्या आणि पुढच्या पानावरचा कस्तुर चित्रात एकाच मापाचे दिसले तरी खरे तसे नसतात.

आता खोडाखोडी. सगळ्यात आधी जागा, रंग नाही, जागा. नकाशा बघायचा, मग उंची, मग अधिवास. ट्रॉपिक्समधल्या डोंगरात उंची हा फार मोठा खोडरबर आहे. अँडीजसारख्या पर्वतात एकाच गटातले पक्षी मजल्यांसारखे राहतात, खालच्या मजल्यावर एक, मधल्यावर दुसरा, ढगांच्या जंगलात तिसरा, आणि तिकडच्या गाईडमध्ये प्रत्येक जातीपुढे मीटरमध्ये उंची दिलेली असते ती शोभेला नाही. तुम्ही ४०० मीटरवर उभे आहात आणि चित्र जुळतंय तो पक्षी १,८०० च्या वरचा आहे, तर चित्र कितीही जुळू दे, आधी शंका घ्यायची. ॲमेझॉनमध्ये तर नदी पण खोडरबर आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच लिहून ठेवलं होतं की मोठ्या नदीच्या दोन काठांवर माकडांच्या वेगळ्या जाती मिळतात, पक्ष्यांत पण तसंच आहे, ट्रम्पेटर नावाचे जमिनीवर फिरणारे कोंबडीएवढे पक्षी घ्या, नदी ओलांडली की जात बदलते, त्यांना एवढं पाणी पार करून उडणं जमत नाही. तिथे तुम्ही नदीच्या कुठल्या बाजूला उभे होतात हे पिसांच्या रंगाइतकंच कामाचं.

नकाशाबद्दल एक सावधगिरी. तो काडेपेटीच्या छापाएवढा असतो, त्यावरची रंगाची कड म्हणजे कुंपण नव्हे. कडेच्या थोडं बाहेर पक्षी दिसला तर दिसू शकतो, आणि काही ठिकाणी रंग नाही याचा अर्थ तिथे पक्षी नाही असा नसून तिथे बघणारा माणूस गेलेला नाही असा असतो. पण कडेच्या थोडं बाहेर आणि दोन हजार किलोमीटर बाहेर यात फरक आहे. नकाशात रंग वेगवेगळे का आहेत तेही बघा, एक वर्षभर राहणाऱ्याचा, एक हिवाळी पाहुण्याचा, एक फक्त येताजाता थांबणाऱ्याचा. मे महिन्याच्या मध्यावर हिवाळी पाहुणा जुळतोय असं वाटलं की परत वहीकडे यायचं.

जागेनंतर आकार आणि वागणं. बर्डर लोक 'जिझ' म्हणतात ते हेच, दुरून चालणारा माणूस तोंड न दिसता ओळखू येतो तसलं काहीतरी. एक उदाहरण बघू, याच्यात मी स्वतः किती वेळा फसलोय त्याचा हिशोब नाही. राखाडी अंगाचा, शेपटीवर आडवे पट्टे असलेला, कबुतराएवढा पक्षी झपकन येऊन झाडात घुसतो आणि आजूबाजूच्या छोट्या पक्ष्यांची बोंबाबोंब सुरू होते. शिक्रा! असं सगळेच म्हणतात. पण पावशा पण असाच दिसतो, राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपूट, वर उडायची आणि येऊन बसायची ढबसुद्धा शिक्र्याची. छोटे पक्षी पण फसतात म्हणून तर बोंब मारतात. इथे रंगाने काहीच खोडता येत नाही. चोच बघायची. शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी खाली वळलेली, मांस फाडायची, पावशाची सरळसोट, अळ्या खाणाऱ्याची. डोळ्याभोवती पिवळं कडं ठळक असेल तर पावशाकडे झुकायचं. पाय दिसले तर कामच झालं, पावशाची दोन बोटं पुढे दोन मागे, शिक्र्याची तीन पुढे एक मागे आणि नखं अशी की बघूनच कळावं. म्हणजे आख्ख्या पक्ष्यात तीन जागा बघायच्या होत्या आणि आपण पाठ बघत बसलो.

तसंच घारीचं. ब्राह्मणी घारीचं पिल्लू तपकिरी असतं, पांढरं डोकं आणि विटकरी अंग नंतर येतं, त्यामुळे ते साध्या घारीत खपून जातं. फरक शेपटीत, साध्या घारीची शेपूट दुभंगलेली, ब्राह्मणीची गोल. आणि काळा, शेपूट दुभंगलेला पक्षी दिसला की आपण कोतवाल म्हणून सोडून देतो, पण कोतवालाची नक्कल केलेली एक कोकीळवर्गीय जात आहे, ड्रोंगो-कक्कू, तिची चोच बारीक आणि किंचित खाली वाकलेली, आणि शेपटीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या आडव्या रेघा. कोतवाल म्हणून सोडलेले काही पक्षी ते नसतील याची मला अजिबात खात्री नाही.

सगळ्यात डोकं फिरवणारं पान मात्र लॅटिन अमेरिकेच्या गाईडमध्ये असतं. तिकडे टायरंट फ्लायकॅचर नावाचं कुटुंब आहे, ४०० च्या वर जाती, पक्ष्यांचं जगातलं सगळ्यात मोठं कुटुंब. त्यात एक प्लेट अशी की सहा-सात पक्षी ओळीने बसलेत, सगळ्यांचं पोट पिवळं, पाठ तपकिरी नाहीतर हिरवट, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे. बघणाऱ्याला वाटतं चित्रकाराने एकच पक्षी लहान-मोठा करून काढलाय. आता बाण कुठे आहेत ते बघा. ग्रेट किस्काडीच्या पंखांत आणि शेपटीत विटकरी रंग आहे, चोच दणकट, आणि आवाज त्याच्या नावासारखा, किस्-का-डी. बोट-बिल्ड फ्लायकॅचरची चोच त्याहून रुंद, फुगीर, होडी उलटी ठेवल्यासारखी, आणि पाठ हिरवट. सोशल फ्लायकॅचर लहान, चोच अगदी छोटी, विटकरी रंग नाहीच. लेसर किस्काडीची चोच बारीक लांब आणि तो बहुतेक पाण्याच्या कडेलाच दिसणार. म्हणजे पोटाचा पिवळा रंग, जो सगळ्यात आधी डोळ्यात भरतो, तो इथे शून्य कामाचा, कारण तो सगळ्यांनाच आहे. सगळ्यांत सारखं आहे ते बघायचं नाही, ही एक गोष्ट डोक्यात बसली की गाईडची प्लेट वेगळीच दिसायला लागते.

आता रंग. रंग मी मुद्दाम शेवटी ठेवला कारण रंग खोटं बोलतो. दाट जंगलात उजेड पानातून गाळून येतो, त्यात पांढरं पोट हिरवट दिसतं. उजेड मागून असला की सगळेच काळे. हमिंगबर्डच्या गळ्याचा झगझगीत रंग किंवा सूर्यपक्ष्यांची जांभळी-हिरवी चमक, हे रंगद्रव्य नसतं, पिसांच्या बारीक रचनेवर उजेड पडून तयार होतं, त्यामुळे पक्ष्याने मान जराशी वळवली की तोच गळा कुट्ट काळा. म्हणून 'काळा छोटा पक्षी, वाकडी चोच' असं वहीत लिहिलेलं असेल तर त्यातला काळा विसरा, वाकडी चोच धरा. जांभळ्या सूर्यपक्ष्याची आणि लोटेनच्या सूर्यपक्ष्याची गाठ अशीच सुटते, लोटेनची चोच चांगलीच लांब आणि जास्त वाकडी.

शिवाय एकाच पक्ष्याचे चार अवतार. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीचा हंगाम संपला की मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्याच्या मधून खाली एक गडद रेघ उरते, आणि नवीन माणूस ती रेघ बघून तिसरीच जात शोधायला लागतो. स्वर्गीय नर्तकाचा नर पांढरा लांब शेपटीचा, तांबूस लांब शेपटीचा, आणि तरुणपणी तांबूस आखूड शेपटीचा, असा तीन तऱ्हांनी भेटतो. वंचक बगळा चिखलात बसला की मातकट तपकिरी, उडाला की एकदम पांढरा, विणीच्या काळात पाठ गडद तांबडी, तीन नोंदी होतात एकाच पक्ष्याच्या. आणि मधुबाजाचं तर विचारूच नका, एक गडद चॉकलेटी, एक जवळपास पांढरा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, काही तर थेट मोरघारीसारखे. तिथे पिसं बघायचीच नाहीत, छोटं कबुतरासारखं डोकं, लांब मान, लांब शेपूट, आणि पंखांच्या टोकाला हाताच्या बोटांसारखी सुटी दिसणारी सहा पिसं. गाईडमध्ये प्रत्येक जातीची दोन-तीनच चित्रं मावतात, चित्रकाराने बिचाऱ्याने सरासरी काढलेली असते, पण समोर बसलेला पक्षी सरासरी नसतो.

काही वेळा तर पक्ष्याचा रंग त्याचा नसतोच. माझ्या वहीत एक जुनी नोंद आहे, 'चष्मेवाल्यासारखा पण कपाळ केशरी', आणि त्याखाली मी दोन देशांच्या गाईडमधल्या चार जातींची नावं लिहिलीत, एकाला तर डबल अधोरेखित. तो चष्मेवालाच होता. फुलात डोकं घालून घालून परागकण कपाळाला चिकटले होते. मध पिणाऱ्या पक्ष्यांत हे सारखं होतं, झाडावर फुलं असली की आधी कपाळाचा आणि गळ्याचा रंग संशयित धरायचा. तसंच पांढरी पिसं. काही पक्ष्यांना जन्मतःच काही पिसांत रंग येत नाही, ल्युसिझम म्हणतात, मग पांढऱ्या डोक्याचा बुलबुल, पांढऱ्या पंखाचा कावळा असलं काहीतरी दिसतं आणि ते कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. खूण अशी की पांढरं बहुतेक वेळा वेडंवाकडं, डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळं असतं. शेपूट नसलेला पक्षी म्हणजे पण नवी जात नाही, पिसं झडलीत किंवा कोणी तरी ओढलीत. आणि अगदीच भडक, न घाबरणारा, भलत्याच खंडातला पक्षी दिसला तर पिंजऱ्यातून सुटलेला आहे का हे आधी बघायचं.

आवाजाचं थोडं जास्त सांगतो कारण ट्रॉपिकल जंगलात दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतं. इथे एक मजेशीर भानगड आहे. चिमणीसारख्या बसणाऱ्या पक्ष्यांचे दोन मोठे गट पडतात. एका गटातले, म्हणजे बुलबुल, दयाळ, कस्तुर वगैरे, गाणं शिकतात, बापाकडून, शेजाऱ्याकडून, त्यामुळे त्यांच्यात बोलीभाषा असतात आणि नकलाकार पण असतात. दुसऱ्या गटातले, ज्यांची दक्षिण अमेरिकेत रेलचेल आहे, अँटबर्ड, टायरंट फ्लायकॅचर वगैरे, ते बहुतेक गाणं जन्मतःच घेऊन येतात, शिकत नाहीत. म्हणून तिकडे दोन पक्षी दिसायला एकसारखे असले तरी आवाज हा भक्कम पुरावा धरतात, आणि तिकडचे वुडक्रीपर म्हणून पन्नासहून जास्त जातींचे तपकिरी, रेघारेघांचे, खोडावर चढणारे पक्षी आहेत, ते आवाजाशिवाय ओळखायचे म्हणजे चोचीची लांबी आणि डोक्यावर ठिपके आहेत का रेघा यावर डोळे फोडत बसायचं. भारतातल्या जंगलात मात्र फक्त आवाजावर विसंबून राहणं धोक्याचं, कारण पल्लेदार कोतवाल आणि हरेवा हे दोघे पट्टीचे नकलाकार, झाडात पाच पक्षी ओरडतायत असं वाटून वर बघावं तर एकच कोतवाल बसलेला. गाईडमध्ये आवाज अक्षरात लिहिलेला असतो, चिस्-वी, टुक-टुक, तो वाचून डोक्यात काहीच वाजत नाही हे मान्य, पण त्यातून दोन गोष्टी घ्यायच्या, तुकडे किती आणि शेवट वर चढतो का खाली उतरतो. पर्णवटवट्यांच्या बाबतीत तेवढ्यावर अर्धी यादी खोडता येते.

मध्येच एक किरकोळ पण त्रासदायक गोष्ट. जुनं गाईड वापरून नव्या गाईडवर गेलात की ससाणे सापडत नाहीत. पूर्वी ते शिक्रा, गरुड यांच्या शेजारी असायचे, पण डीएनएवरून लक्षात आलं की ससाण्यांचं नातं पोपटांशी जास्त जवळचं आहे, २००८ च्या मोठ्या अभ्यासानंतर ते पक्कं होत गेलं, आता नव्या पुस्तकांत ससाणे सुतारांच्या पुढे पोपटांजवळ असतात. इंग्रजी नावं पण बदलत राहतात, एका जातीच्या दोन होतात. त्यामुळे वहीत शास्त्रीय नाव लिहायची सवय लावली तर दहा वर्षांनी आपलीच नोंद आपल्याला कळते, ते पण बदलतं म्हणा, पण कमी.

या सगळ्या खोडाखोडीची मला माहीत असलेली सगळ्यात भारी गोष्ट रानपिंगळ्याची. १८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने या घुबडाचं वर्णन केलं. त्यानंतर थोडेसे नमुने मिळाले, जगातल्या संग्रहालयांत मिळून सात, आणि खरा म्हणावा असा शेवटचा १८८४ चा. नंतर काही नाही. अधूनमधून कोणीतरी 'दिसला' म्हणायचं, १९६८ मधल्या एका फोटोला पण रानपिंगळा म्हटलं गेलं होतं, नीट बघितल्यावर तो साधा पिंगळा निघाला. कारण दोघं एकसारखे, छोटे, गुबगुबीत, पिवळ्या डोळ्यांचे. त्यात अजून एक घोळ, रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश संग्राहकाने आपण १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचं सांगितलं होतं आणि लोक ती जागा धरून शोधत होते. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ, त्यांनी संग्रहालयातला तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो दुसऱ्याच कोणाचा, जुना, चोरून नवं लेबल लावलेला. म्हणजे आधी खोटी जागा खोडली. मग खऱ्या नमुन्यांवरून खुणा काढल्या, डोक्यावर आणि पाठीवर साध्या पिंगळ्यासारखे पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, पंख-शेपटीवर रुंद ठळक पट्टे, छाती गडद, पोट मधोमध पांढरं, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, ११३ वर्षांनी, तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसलेला सापडला. तुम्ही-आम्ही असतो तर पिंगळा म्हणून पुढे गेलो असतो. डोक्यावर ठिपके नाहीत हे दिसायला आधी ठिपके शोधायला पाहिजेत.

आता ॲपचं काय असं कोणी तरी विचारणारच. मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप मी पण वापरतो, फोटो टाका, आवाज ऐकवा, नाव सांगतं, २०२१ पासून आवाज ओळखायची सोय आली तेव्हापासून तर फारच सोपं झालंय. पण ते जे देतं तो अंदाज आहे, आणि जागा-तारीख चुकीची टाकली तर आत्मविश्वासाने भलतंच सांगतं. मी असं करतो की ॲपने सांगितलेलं नाव घेऊन गाईडमध्ये त्या पानावर जातो आणि शेजारच्या सारख्या दिसणाऱ्यांना खोडता येतंय का बघतो. खोडता आलं नाही तर ॲपचं नाव पेन्सिलने. फोटो काढणार असाल तर एक सुंदर फोटो काढण्यापेक्षा पाच घाणेरडे काढा, उडताना, पाठमोरा, शेपूट पसरलेली. ओळख बऱ्याचदा त्या घाणेरड्यातच असते. आणि फोटोतल्या रंगावर भांडू नका, कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग बदलतो.

आणि काही पक्षी ओळखू येणारच नाहीत, त्याला इलाज नाही. आग्नेय आशियात गुहांमधून स्विफ्टलेट नावाचे पाकोळीसारखे पक्षी असतात, त्यांच्या दोन-तीन जाती उडताना इतक्या सारख्या की पक्के लोक पण हवेत ओळखत नाहीत, घरटं बघून ओळखतात, एकाचं नुसत्या लाळेचं, दुसऱ्याच्यात पिसं मिसळलेली, तिसऱ्याच्यात शेवाळ-काडी. घरटं दिसलं नाही तर 'स्विफ्टलेट' एवढंच लिहायचं. बर्डर लोक याला 'स्पह' म्हणतात, नावापुढे जातीऐवजी एसपी लिहितात त्यावरून आलेला शब्द. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकताना असे पर्याय दिलेलेच असतात, नुसतं कुळ लिहायचा, किंवा 'हा किंवा तो' असा. लोकांना ते टाकायची लाज वाटते. मला तर ज्याच्या यादीत एकही स्पह नाही त्याच्या यादीचीच शंका येते.

आणि अगदी क्वचित, खरंच पुस्तकात नसलेला पक्षी असतो. खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांना १९९५ मध्ये अरुणाचलच्या ईगलनेस्ट अभयारण्यात एक पक्षी ओझरता दिसला, त्याचं वर्णन कुठल्याच ज्ञात पक्ष्याशी बसेना. त्यांनी घाईने नाव देऊन टाकलं नाही. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, तो तिथेच परत दिसला, आणि २००६ मध्ये बुगुन लिओसिकला या नावाने नवी जात म्हणून जाहीर झाला, एकही पक्षी न मारता, पिसं, फोटो आणि नोंदींवर. त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक चीनमधला.

माझ्या वहीत अशा प्रश्नचिन्हाच्या नोंदी सध्या एकोणीस आहेत. मागच्या महिन्यात त्यातली एक सुटली, सहा वर्षांपूर्वीचा 'तपकिरी, जमिनीजवळ, शेपूट वर, चोच बारीक, आवाज दगडावर दगड आपटल्यासारखा'. मी तेव्हा रंगावरून तीन प्लेट पालथ्या घातल्या होत्या. उत्तर आवाजाच्या ओळीत होतं, 'दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा', त्याच बारीक टायपात, ब्लिथचा बोरूवटवट्या. रोज दिसतो तो.